नेच्यांचा शुष्क संग्रह

पेठ वडगाव परिसरातील शाळांना नेच्यांच्या शोधार्थ फार दूर जावे लागत नाही. जुन्या विहिरीच्या ओलसर चिऱ्यांत हंसराज वाढतो. ड्रायॉप्टेरिससारखे अरण्यातील मोठे नेचे मात्र पावसाळ्यात सह्याद्रीकडे सहल गेली तरच हाती येतात. अशा सहलीहून परतलेल्या मुलांच्या वह्या उघडल्या, की बहुधा एकच प्रकार दिसतो. मुलांनी हिरवीगार, निष्कलंक पाने निवडलेली असतात. पाठीवर तपकिरी ठिपके असलेली पाने तांबेरा पडला असे समजून वाटेतच टाकलेली असतात. शेतकऱ्याच्या मुलांना तसे वाटणे स्वाभाविकच. परंतु टाकलेले पान तेच खरे कामाचे.

नेच्याला फूल नाही, फळ नाही, बीही नाही. ते ठिपके म्हणजे बीजाणूंच्या पिशव्यांचे पुंज होत. पुंज गोल की लांबट, कडेला की मध्ये, त्यांवर आवरण आहे की नाही, यांवरून नेच्याची ओळख पटते. ड्रायॉप्टेरिसच्या पुंजावरील आवरण मूत्रपिंडाच्या आकाराचे असते. हंसराजात पानाची कडच दुमडून पुंजांना झाकते. सह्याद्रीतील ड्रायॉप्टेरिस कॉक्लिएटा या जातीत तर बीजाणू धारण करणारी पाने निराळी, अरुंद दलांची असतात. तिची दोन्ही प्रकारची पाने आणावयास हवीत.

पान देठासकट घ्यावे. देठाच्या तळाशी असलेले तपकिरी खवलेही ओळखीस उपयोगी पडतात, म्हणून ते पुसू नयेत. पान वर्तमानपत्राच्या घडीत पसरून काही दले उलटी ठेवावीत, म्हणजे पुंज दिसतील. लांब पान मोडून घडी करावे. वर पाट व दगड ठेवावेत. पावसाळी हवेत पहिले काही दिवस कागद रोज बदलावाच लागतो, आणि आळस होतो तो नेमका येथेच. मग बुरशी धरते व पान काळे पडते. वाळलेला नमुना सुमारे ४२ सेंमी. लांब व २८ सेंमी. रुंद जाड कागदावर कागदाच्या बारीक पट्ट्यांनी चिकटवावा. कसर लागू नये म्हणून कपाटात डांबरगोळ्या ठेवाव्यात.

उजव्या कोपऱ्यात गाव, जागा (विहीर, ओढा की झाडाची सावली), तारीख व गोळा करणाऱ्याचे नाव लिहावे. जातीचे नाव मागाहून घालता येते. जागा व तारीख विसरल्यास पुन्हा मिळत नाही. ब्लॅटर व डी'आल्मेडा यांचा मुंबई इलाख्यातील नेच्यांवरील ग्रंथ १९२२ साली निघाला. अशा ग्रंथातील वर्णन पुढे कोणास पडताळावयाचे झाल्यास कपाटातील चिठ्ठीसह नमुनाच समोर घ्यावा लागतो. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात असा संग्रह आहे; सोय झाल्यास वरच्या वर्गातील मुलांना तो अवश्य दाखवावा.

अभयारण्यातून परवानगीवाचून काहीही आणू नये. एरवीही एका ठिकाणी नेच्याचे एकच रोप असेल, तर ते तेथेच राहू द्यावे व मुलांकडून त्याच्या पानाचे, पाठीवरील ठिपक्यांसह, चित्र काढून घ्यावे.