एक पिक्सेल, नऊ गुंठे

(मामा अमेरिकेत मेरीलँडमध्ये राहतात. सगळी नोकरी उपग्रहांच्या इमेजेस वाचण्यात गेली, आता निवृत्त. भाची मूळची भोरची, तिथल्याच विद्यापीठात एम.एस. करायला आलेली. प्रबंधाला तिने विषय घेतलाय भोर तालुक्यातल्या भातखाचरांचा.)

भाची : मामा, जून ते सप्टेंबर भोरवरची एक इमेज धड नाही. नुसता ढग. आणि भात तर तेव्हाच असतो. मग हा विषय घेण्यात अर्थ आहे का?

मामा : ढगाचं नंतर बघू. लँडसॅट उपग्रहाचा पिक्सेल केवढा?

भाची : तीस मीटर बाय तीस मीटर.

मामा : गुंठ्यांत सांग.

भाची : गुंठ्यांत? नऊशे चौरस मीटर... म्हणजे साधारण नऊ गुंठे.

मामा : आयोवात 160 एकरांचा चौकोन ही नेहमीची मोजणी. त्यात सातशेच्या वर पिक्सेल बसतात. कडेचे शंभर टाकून दिले तरी काही बिघडत नाही. तुमचं खाचर केवढं?

भाची : चार-पाच गुंठे. फार तर दहा.

मामा : म्हणजे एका पिक्सेलात दोन खाचरं, मधला बांध, बांधावरचा आंबा आणि शेजाऱ्याची नाचणी. उपग्रहाला त्या सगळ्यांचा मिळून एकच आकडा मिळतो. हल्लीची पोरं ब्राउझरमध्ये चार ओळी टाकतात, हिरवा-तांबडा नकाशा निघाला की झाला अभ्यास! तो तांबडा ठिपका म्हणजे वाळलेलं पीक की नुकताच बांधलेला गोठा, विचारायचं कुणी?

भाची : युरोपच्या सेंटिनल-2चा पिक्सेल दहा मीटरचा आहे. म्हणजे एक गुंठा.

मामा : आहे ना, वापर की. पण तो 2015 पासूनचा. लँडसॅट 1972 पासून आहे. तेव्हाचा पिक्सेल दीड एकराचा होता, तरी त्या पहिल्या उपग्रहाची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. त्यावर मुख्य मान होता टीव्हीसारख्या कॅमेऱ्यांचा. व्हर्जिनिया नॉरवूड या बाईंनी बनवलेला स्कॅनर म्हणजे जोडीला दिलेलं उपकरण. त्यात सतत हलणारा आरसा. आणि झालं काय, कॅमेरे विजेच्या बिघाडाने काही आठवड्यांत बंद पडले आणि स्कॅनरने...

भाची : मामा, हे वर्गात झालंय. हिरवळ मोजायचं एनडीव्हीआयसुद्धा येतं मला. पान तांबडा प्रकाश शोषतं, जवळचा अवरक्त परावर्तित करतं. दोघांची वजाबाकी भागिले बेरीज. मी ढगाचं विचारत होते.

मामा : येतं म्हणे! फुकट मिळतं म्हणून येतं. 1984 साली इथे कायदा करून लँडसॅटचा कारभार खाजगी हातात द्यायचं ठरलं आणि एका इमेजची किंमत चार हजार डॉलरच्या वर गेली. आम्ही वर्षाला एखादी इमेज घ्यायचो आणि तीच पुसून पुसून वापरायचो. बदल मोजायला दोन तारखा लागतात, आणि आमच्याकडे पैसे एका तारखेचे. एकदा मी दुसऱ्या इमेजसाठी अर्ज केला, तर साहेब म्हणाले, आधीची खराब झाली का? 2008 मध्ये सगळा साठा मोफत झाला. त्याआधी दिवसाला पन्नासेक इमेजेस जायच्या, नंतर हजारोंनी जायला लागल्या. या क्षेत्रातली सर्वांत मोठी क्रांती कुठली म्हणशील, तर ती किंमत शून्यावर आली ही. उपग्रह नंतर.

भाची : मग आता माझ्याकडे पन्नास वर्षं आहेत. पहिली आणि शेवटची इमेज शेजारी ठेवली की झालं.

मामा : तिथेच फसतात सगळे. युटाहमधलं ग्रेट सॉल्ट लेक घे. 1987 ची इमेज आणि 2022 ची शेजारी ठेव; तळं निम्म्याहून जास्त गेलेलं दिसतं. वर्तमानपत्रांना तेवढंच पुरतं. पण 1987 मध्ये ते तळं इतकं भरलं होतं की रस्ते-रेल्वे वाचवायला सरकारने पंप बसवून पाणी वाळवंटात सोडलं. आणि 1963 मध्ये पातळी इतकी खाली होती की तो नीचांक 2021 पर्यंत टिकला. सुरुवात कुठून धरतेस त्यावर उत्तर फिरतं.

भाची : मग तळं आटतंय हे खोटं?

मामा : खोटं कसं? 2022 ची पातळी 1963 च्याही खाली गेली. नद्यांचं पाणी शेतीला आणि शहरांना वळवलंय, वर दुष्काळ. उघड्या पडलेल्या तळाची आर्सेनिक असलेली धूळ वाऱ्याबरोबर सॉल्ट लेक सिटीकडे जाते. म्हणून तर म्हणतो, खरी गोष्ट सांगायला 1987 चा आधार घेऊ नये. मधली सगळी वर्षं मांड.

भाची : मांडते. पण मधल्या प्रत्येक वर्षी माझ्या चार महिन्यांवर ढगच आहे!

मामा : सोडणार नाहीस तू. बरं, रडार घे. रडारचा उपग्रह सूर्यावर अवलंबून नसतो. स्वतःच सूक्ष्मलहरी सोडतो आणि परत काय येतं ते मोजतो. ढग त्यांना आडवा येत नाही. चिखलणी करून पाणी भरलेल्या खाचरावर लहर आदळली की पलीकडे निघून जाते, म्हणून खाचर काळं दिसतं. लावणी होऊन फुटवे आले की उजळत जातं. काळं कधी झालं, उजळ कधी, यावरून लावणीची तारीख काढता येते. सेंटिनल-1 हे 2014 पासून करतोय. आणि नासा-इस्रोचा निसार 30 जुलै 2025 ला श्रीहरिकोट्याहून गेला, तो दर बारा दिवसांनी त्याच जागेवर येतो.

भाची : म्हणजे सुटला प्रश्न?

मामा : कसला सुटतो! रडार तिरकं बघतं. सह्याद्रीत त्याच्याकडे तोंड केलेला उतार चेपून एकावर एक चढतो आणि पलीकडचा सावलीत जातो.

भाची : आमची निम्मी खाचरं उतारावरच आहेत, मामा.

मामा : उपग्रह एका फेरीत उत्तरेकडे जातो, एकीत दक्षिणेकडे. दोन्ही घे, बाजू बदलते. तरी काही खाचरं निसटतील. ती निसटली असं प्रबंधात लिही.

भाची : आणि काळा डाग खाचराचा की नुसत्या साचलेल्या पाण्याचा, हे कोण सांगणार?

मामा : आता विचारलंस! 2020 मध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं, आठवतं? लँडसॅट-8च्या 25 मेच्या इमेजमध्ये हिरवं, 10 जूनच्या इमेजमध्ये गुलाबी. रंग वरून दिसला. पण तो खारट पाण्यातल्या सूक्ष्मजीवांमुळे आला, हे कळलं पुण्याच्या आघारकर संस्थेत पाण्याचे नमुने तपासल्यावर. इथल्या कृषी खात्याचा पिकांचा नकाशासुद्धा शेतकरी सरकारला स्वतः जे पीक कळवतात, त्यावर शिकवलेला असतो.

भाची : आपल्याकडे 2021 पासून ई-पीक पाहणी आहे. बाबा शेतात उभे राहून मोबाईलवर पिकाचा फोटो टाकतात.

मामा : मग ती नोंद मिळवायला अर्ज कर. मिळेल तेव्हा मिळेल. तोवर बाबांना सांग, फोनचं लोकेशन चालू ठेवून फोटो काढा. चिखलणीच्या दिवशी एक, लावणीच्या दिवशी एक. आणि बांधावर उभं राहून नको, खाचराच्या मधोमध.

भाची : लावणीच्या दिवशी बाबांचे हात चिखलात असतात. फोटो आईच काढेल.

मामा : मग ताईला मीच फोन करतो. तुझं ती ऐकायची नाही.