गटाचा दाखला

गाडी कोणत्या गटात बसते हे प्रवेश-फी घेण्यापूर्वी सांगणे ज्याचे कर्तव्य, त्याने ते शर्यतीच्या सकाळी सांगितले, म्हणजे हौशी स्पर्धकाची केवढी विटंबना होते, याचा अनुभव मला आमच्याच मुळशी तालुक्यातील एका ऑटोक्रॉसमध्ये आला. आणि मारुंजी-हिंजवडीकडील जे तरुण जुन्या झेन व एस्टीम घेऊन मातीवर उतरू पाहतात, त्यांच्या वाट्याला तो येऊ नये, म्हणून हे लिहीत आहे.

माझ्या झेनचे इंजिन ऑइल खाऊ लागले, तेव्हा भोसरीत ब्लॉक बोअर करून घेऊन अर्धा मिलिमीटर ओव्हरसाइज पिस्टन बसविले होते. ही गोष्ट मी दडविली नाही. अर्जात ती स्वच्छ नमूद केली, शिवाय आयोजकांच्या दफ्तरात जाऊन समक्ष विचारणा केली. तेथील गृहस्थांनी एफआयए या आंतरराष्ट्रीय मोटारक्रीडा संघटनेच्या नियमांतील परिशिष्ट ‘जे’मधील ग्रुप ‘ए’चे कलम काढून, बोअर सहा दशांश मिलिमीटरपर्यंत वाढविण्यास मुभा आहे, एवढे वाचून दाखविले आणि म्हणाले, “काका, झेन म्हणजे हजारच्या आतली गाडी. निर्धास्त या.” फी घेतली, पावती दिली, आणि पावतीवर ‘हजार सीसीपर्यंत’ असा गटही स्वहस्ते लिहिला.

स्क्रूटिनीच्या वेळी एका प्रतिस्पर्ध्याने हरकत घेताच त्याच गृहस्थांनी तेच पुस्तक, तेच पान उघडले, आणि या खेपेस वाक्य शेवटपर्यंत वाचले: बोअर वाढविल्याने गटाची क्षमतामर्यादा ओलांडली जाता कामा नये. झेनचा मूळ बोअर 72 मिलिमीटर, स्ट्रोक 61, क्षमता 993 सीसी. बोअर साडेबहात्तर होताच ती 1007 होते. नियम न्याय्य आहे, त्याविषयी माझी तक्रार नाही. परंतु ज्या माणसाने फी घेताना वाक्याचा पूर्वार्ध वाचला आणि उत्तरार्ध माझ्या गाडीचे बॉनेट उघडे असताना, दहा लोकांदेखत वाचला, त्याच्या वर्तनाला अनवधान म्हणावयास माझे मन अद्याप धजत नाही. पावती पुढे केली, तर उत्तर मिळाले, “ही पैशांची पावती आहे, गटाचा दाखला नव्हे.” मग 1298 सीसीच्या एस्टीमांबरोबर 1400च्या गटात धावण्याचा हुकूम झाला. मी गाडी परत नेली. फी मात्र परत मिळाली नाही.

हिशेब कोणावर सोपवू नये. बोअरचा वर्ग, गुणिले स्ट्रोक, गुणिले सिलिंडरांची संख्या, गुणिले 0.7854, आणि मापे सर्व सेंटिमीटरमध्ये: एवढ्यावर खरी क्षमता निघते. झेन पाव मिलिमीटरच्या पहिल्याच ओव्हरसाइजने हजाराची रेषा केसभर ओलांडते, हे मला कोणी आधी सांगितले असते तर! एस्टीमला अर्धा मिलिमीटर वाढवूनही 1316च होतात, म्हणून 1400च्या गटात तिला भय नाही. टर्बो गाडीचा मामला निराळा: एफआयएच्या नियमांनी पेट्रोल टर्बोची क्षमता 1.7ने गुणली जाते, तेव्हा 1197 सीसीची पोलो टीएसआय कागदावर दोन हजारांच्याही वर जाते. नोंदणी-पुस्तकातील आकडा गाडी कारखान्यातून निघाली त्या दिवसाचा असतो, आजच्या इंजिनाचा नव्हे. त्यावर विसंबू नये.

नियम शांतपणे वाचावेत, गाडी वेळेवर न्यावी, वाद घालू नये, हे सर्वच सांगतात व ते खरेही आहे. गट प्रत्येक स्पर्धेच्या पुरवणी नियमांत वेगळे असू शकतात, म्हणून गेल्या वर्षीचे पत्रक उपयोगाचे नाही. हरकत घ्यावयाची तर ती लेखी, शुल्कासह आणि मुदतीतच घ्यावी लागते. तोंडी गाऱ्हाण्याला तेथे काडीची किंमत नाही. आणि फी भरण्यापूर्वी अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर बोअर, स्ट्रोक, हिशेबाने आलेली क्षमता व गट लिहून त्याखाली अधिकाऱ्याची तारखेसह सही घ्यावी. सहीला टाळाटाळ झाली, तर पैसे खिशातून काढूच नयेत.