वेल निवडताना आधी पान बघा

फुलपाखरे आणि पक्षी यावेत म्हणून अंगणात वेल लावणार असाल, तर रोपवाटिकेतल्या फुलोऱ्यावर भाळू नका, असे मी अनुभवाने सांगेन. आपल्याकडे फुलातला मध पिणारा पक्षी म्हणजे शिंजीर. त्याला फूल पुरते. संक्रांत वेल मूळची दक्षिण अमेरिकेतली, तरी तिच्या केशरी फुलांवर शिंजीर येतात. फुलपाखराला मध पुष्कळ फुलांतून मिळतो, पण अंडी घालायला ठरावीक झाडेच लागतात, कारण अळीला दुसरी पाने चालत नाहीत. कॉमन रोझ या फुलपाखराची अळी ईश्वरीच्या, म्हणजे सापसणीच्या वेलीवर वाढते, तर ब्लू टायगरची हिरणदोडीवर. ही पाने नसतील तर भरगच्च फुललेल्या बागेतही फुलपाखरे नुसती येऊन जातात.

याहून मोठा धोका जवळच्या नात्यातल्या परक्या वेलीचा. अ‍ॅरिस्टोलोकिया एलिगन्स ही ईश्वरीच्याच कुळातली दक्षिण अमेरिकी वेल ऑस्ट्रेलियात शोभेसाठी लावली गेली. क्वीन्सलँडमधल्या रिचमंड बर्डविंग फुलपाखराच्या माद्या तिला आपली वेल समजून अंडी घालतात आणि अळ्या ती पाने खाऊन मरतात. दिसायला शोभा, प्रत्यक्षात सापळा. म्हणून ‘बदकवेल’ या नावाने मिळणारी विदेशी जात ईश्वरीच्या जागी लावू नये.

मग विदेशी सगळेच वाईट का? नाही. कृष्णकमळाच्या बहुतेक जाती बाहेरच्या, तरी टॉनी कोस्टर फुलपाखराच्या अळ्या त्यांवर नीट वाढतात. कसोटी देशाची नाही, अळी जगते की नाही याची आहे. अळ्या वेल ओरबाडतात, ही तक्रार खरी आहे. पण मुळे धरलेली वेल पुन्हा फुटते. शोभा हवीच असेल तर संक्रांत वेल दर्शनी कमानीवर आणि ईश्वरी मागच्या कुंपणावर चढवा. ईश्वरी विषारी आहे, हा आक्षेपही रास्त. तिच्यातल्या अ‍ॅरिस्टोलोकिक आम्लाने मूत्रपिंडे निकामी होतात, कर्करोग होतो. तेव्हा घरगुती औषध म्हणून ती कधीही वापरू नका आणि लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका. मात्र तेच विष अंगात साठवून कॉमन रोझ पक्ष्यांपासून वाचते. रोप घेताना त्याचे शास्त्रीय नाव विचारा, आणि पानावर अळी दिसली की कीटकनाशक फवारू नका.