पॅकेज कळलं, आता नोकरीची चौकशी करा

कॅम्पस प्लेसमेंटचे दिवस आले की घरोघरी एकच प्रश्न ऐकू येतो: पॅकेज किती? शैक्षणिक कर्जाचा हप्ता, पुण्या-मुंबईतलं भाडं, धाकट्या भावंडाची फी हे सगळं ज्या घरासमोर उभं आहे, त्याने पैशांचं विचारणं रास्तच आहे. पण लग्नाचं स्थळ आलं की आपण पगारावर थांबत नाही. माणसं कशी आहेत, घरात मुलीच्या शब्दाला किंमत आहे का, हे चार ठिकाणांहून काढून घेतो. मुलगा किंवा मुलगी दिवसाचे नऊ-दहा तास जिथे काढणार, त्या जागेचीही अशीच चौकशी व्हायला हवी.

त्यासाठी आधी काय पाहायचं ते ठाऊक हवं. पालकांना धास्ती असते ती कामाच्या ओझ्याची. पण रॉबर्ट कॅरासेक या अमेरिकी संशोधकाने 1979 मध्ये एक महत्त्वाची गोष्ट मांडली. काम भरपूर आणि ते कसं करायचं हे ठरवण्याची मुभा मात्र नाही, अशा ठिकाणी माणूस सगळ्यात जास्त पिचतो. काम तितकंच असलं आणि मुभा असली, तर तोच माणूस शिकतो, तयार होतो. ब्रिटनच्या सरकारी कर्मचाऱ्यांवरचा व्हाइटहॉल अभ्यास 1967 मध्ये सुरू झाला, दुसरा 1985 मध्ये. मोठ्या जबाबदाऱ्या वरच्या साहेबांवर, म्हणून हृदयविकारही त्यांनाच जास्त, अशी तेव्हाची समजूत होती. प्रत्यक्षात पायरी जितकी खालची, तितका धोका जास्त निघाला. आपल्या कामावर आपला ताबा नसणं हे त्यामागचं एक ठळक कारण असल्याचं दुसऱ्या अभ्यासात दिसलं.

आता, फ्रेशरच्या हातात कसला आलाय ताबा? मोठे निर्णय नसतातच. पण छोट्या गोष्टी असतात आणि सगळा फरक त्याच पाडतात. पुढच्या आठवड्याची शिफ्ट आधी कळते का? ‘हे आज होणार नाही, उद्या दुपारपर्यंत देतो’ असं म्हणता येतं का? अडलं तर विचारायला कुणी आहे का? आणि चूक झाली तर काय होतं? हा शेवटचा प्रश्न मला सर्वात मोलाचा वाटतो. एमी एडमंडसन या संशोधिकेने 1990च्या दशकात रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या गटांचा अभ्यास केला. चांगल्या गटांत औषधं देतानाच्या चुका कमी सापडतील, असा तिचा अंदाज होता, सापडल्या जास्त. कारण त्या गटांत चूक झाली की लगेच सांगता येत होती. बाकीच्या ठिकाणी ती लपवली जात होती. नवख्या मुलाला चूक लपवावी लागणं म्हणजे रात्रीची झोप गेलीच.

मुलाखतीच्या शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय?’ असं म्हणतात, तेव्हा बहुतेक मुलं मान हलवून उठतात. तिथे विचारावं: पहिले सहा महिने माझं काम कोण तपासून देईल? नवीन माणूस चुकला तर तुमच्याकडे काय करतात? उत्तरापेक्षा उत्तर देतानाचा चेहरा बरंच सांगतो. खरी माहिती मात्र कॉलेजच्या दोन-तीन वर्षं पुढच्या सीनियरकडे मिळते. त्याला फोन करून विचारा, रजा मागितली की काय ऐकावं लागतं आणि वर्षभरात टीममधले किती जण सोडून गेले.

ऑफर लेटर घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून वाचावं. सीटीसीच्या आकड्यात कंपनीचा पीएफचा वाटा, ग्रॅच्युइटी, व्हेरिएबल पे असं बरंच मिसळलेलं असू शकतं. हातात पडणारी रक्कम वेगळी काढून घ्या. हप्ता त्या रकमेवर बेता, पॅकेजवर नको. बाँड आहे का, नोटीस पीरियड तीस दिवसांचा की नव्वद, हेही पाहा. हप्ता आणि बाँड दोन्ही गळ्यात असलेल्या मुलाला वाईट जागा सोडता येत नाही. बाहेर पडायची वाट बंद झाली की माणूस आतून खचायला लागतो.

सुरुवातीचे काही महिने जड जाणारच. नवं शहर, पीजीचं जेवण, न समजणारं काम. हे हळूहळू अंगवळणी पडतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये बर्नआउटची व्याख्या केली, ती पालकांनी लक्षात ठेवावी: सततची गळून गेल्यासारखी थकावट, कामाबद्दल तुटलेपणा किंवा कडवटपणा आणि आपल्याच्याने काही होत नाही ही भावना. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ आटोक्यात न आल्याने हे होतं, असं संघटना म्हणते. मूल आळशी झालंय, असा त्याचा अर्थ काढू नका.

असं मूल फोनवर ‘मला नाही जमत’ म्हणालं, तर ‘सगळ्यांनाच असतं रे, थोडं सहन कर’ हे वाक्य तोंडातच ठेवा. त्यानंतर ते पुन्हा सांगणार नाही. झोप कशी आहे, जेवण जातंय का, ऑफिसमध्ये कुणाशी बोलणं होतं, एवढं विचारा आणि ऐकून घ्या. जगणंच नकोसं झाल्याचं बोललं तर त्याला एकटं ठेवू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन 14416 या क्रमांकावर दिवसरात्र, मोफत आणि मराठीतही आहे. बऱ्याच मोठ्या कंपन्यांत समुपदेशनाची गोपनीय सोय असते, एचआरच्या पहिल्या दिवशीच्या कागदांत ती सापडते. मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच विमा द्यावा, असं 2017चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो. कंपनीच्या मेडिक्लेममध्ये नेमकं काय बसतं ते मात्र तपासून घ्या.

नोकरी सोडायचीच ठरली तर शक्यतो तीन महिन्यांच्या खर्चाची सोय करून, लेखी राजीनामा देऊन, रिलीव्हिंग लेटर हातात घेऊन सोडावी. मात्र तब्येत ढासळत असेल तर पैसे साठायची वाट पाहू नये. तेवढे दिवस घराने सांभाळावं. पुढच्या मुलाखतीत मधल्या रिकाम्या काळाबद्दल विचारतीलच. ‘तब्येतीसाठी थांबलो होतो, आता बरा आहे, त्या काळात अमुक शिकलो’ एवढं सरळ सांगावं, जुन्या साहेबाची उणीदुणी काढू नयेत. घरी आलेल्या पाहुण्यांनी ‘सध्या काय करतो?’ म्हणून विचारलं, तर आईवडिलांनीही मुलाच्या देखत, आवाज न बारीक करता तेच उत्तर द्यावं.