नियम, अपवाद आणि जबाबदारी : ड्रोनच्या सशर्त अनुज्ञेचा अभ्यास

व्यापारी मनुष्यास परवाना, मुदत आणि जामीन हे शब्द नवीन नाहीत. तथापि आकाशात उडणाऱ्या यंत्रासाठीही हेच शब्द लागू पडतात, याची कल्पना आपल्यापैकी पुष्कळांना नसेल. आज पांढुर्णा व सौसर तालुक्यांतील संत्र्याच्या बागांवर, कपाशीच्या शेतांवर, तसेच लग्नसमारंभ व रथयात्रांवर ड्रोन फिरताना दिसतो. तो उडविण्याचे सामान्य नियम कोणते, आणि त्या नियमांबाहेर जाण्याची गरज पडल्यास शासनाकडून अनुज्ञा कशी मिळते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे ड्रोनविषयक नियम १ डिसेंबर २०१८ पासून अमलात आले. त्यांनुसार ड्रोन दिवसाउजेडी, चालकाच्या दृष्टिपथात आणि ४०० फुटांच्या आतच उडवावयाचा होता. विशेष मंजुरीवाचून त्यातून कोणताही पदार्थ खाली टाकता येत नसे. शेतीच्या कामास ड्रोनला वाव होता, परंतु कीटकनाशकाची फवारणी त्यातून वगळलेली होती.

सन २०२० च्या मे महिन्यात राजस्थान व मध्यप्रदेश ओलांडून टोळधाड विदर्भात उतरली. मोर्शी, आष्टी, काटोल ही नावे त्या दिवसांत सर्वांच्या तोंडी होती, आणि काटोल आपल्यापासून किती जवळ आहे हे सांगावयास नको. एक टोळ रोज सुमारे आपल्या वजनाइतके, म्हणजे जवळजवळ दोन ग्रॅम खातो. हे ऐकावयास क्षुल्लक वाटते. परंतु एक चौरस किलोमीटर पसरलेल्या थव्यात चार कोटी किंवा त्याहूनही अधिक टोळ असू शकतात, आणि असा थवा एका दिवसात सुमारे ३५ हजार माणसांचे अन्न फस्त करतो. धान्याच्या व्यापाऱ्यास याचा अर्थ वेगळा समजावून देण्याची गरज नाही. शेतकऱ्याच्या खळ्यात जे येत नाही, ते मंडीत येत नाही, आणि गरिबाच्या घरीही पोहोचत नाही.

टोळ दिवसा वाऱ्याबरोबर उडतात व सायंकाळी झाडांवर उतरतात. म्हणून त्यांच्या बंदोबस्ताची खरी वेळ संध्याकाळपासून सूर्योदयापर्यंतची. उंच झाडांच्या शेंड्यांवर आणि वाहन न पोहोचणाऱ्या जागी ट्रॅक्टरवरील पंपाचा उपाय चालत नाही. ड्रोन तेथे पोहोचतो. पण फवारणीही नियमाबाहेर आणि रात्रीचे उड्डाणही नियमाबाहेर, अशी ही अडचण होती.

यास्तव नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने २१ मे २०२० रोजी केंद्रीय कृषी खात्याच्या वनस्पती संरक्षण संचालनालयास टोळनियंत्रणासाठी ड्रोन वापरण्याची सशर्त सूट दिली. पुढे २७ जून रोजी अटी अधिक सैल करून ५० किलोपर्यंतच्या इंजिनावर चालणाऱ्या ड्रोनला, तसेच रात्रीच्या वापरास संमती देण्यात आली. राजस्थानात बाडमेर, जैसलमेर, बिकानेर, नागौर व फलोदी या भागांत हे ड्रोन कामास लागले.

या सुटीचे स्वरूप लक्षात घेण्यासारखे आहे. आपण उधारी देतो तेव्हा चार गोष्टी पाहतो : रक्कम किती, मुदत किती, कारण काय आणि जामीन कोण. शासनानेही तेच पाहिले. कारण एकच, टोळनियंत्रण. जामीन म्हणजे जबाबदार सरकारी संचालनालय. यंत्राच्या वजनास मर्यादा, आणि सुटीस अटींचे बंधन. प्रथम फवारणीची मोकळीक मिळाली; रात्रीची मोकळीक त्यानंतर, कामाची गरज दिसल्यावर मिळाली. ज्याने पहिली उधारी सचोटीने फेडली, त्यालाच पेढी दुसरी देते.

दुसरे उदाहरण औषधांचे. १३ सप्टेंबर २०२१ रोजी भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेस अंदमान-निकोबार, मणिपूर व नागालँड येथे प्रयोगासाठी सशर्त सूट मिळाली, आणि ४ ऑक्टोबरला मणिपुरात विष्णुपूरहून लोकटाक सरोवरातील करांग येथे लस पोहोचली. हवाई अंतर १५ किलोमीटर; वेळ १२ ते १५ मिनिटे. चालकाच्या दृष्टीपलीकडचे हे उड्डाण होते. येथेही प्रदेश ठरलेला, हेतू ठरलेला आणि जबाबदार संस्था ठरलेली होती.

आता आजचे सामान्य नियम पाहू. २५ ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनी पूर्वीचे २५ नमुने ५ वर आणले. 'डिजिटल स्काय' या शासकीय व्यवस्थेवर आकाशाचा नकाशा हिरवा, पिवळा व लाल अशा तीन रंगांत दिलेला आहे. हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत उड्डाणाची वेगळी अनुज्ञा लागत नाही. पिवळ्या क्षेत्रात हवाई वाहतूक नियंत्रणाची व लाल क्षेत्रात केंद्र शासनाची अनुज्ञा अवश्य. शिवाय तातडीच्या प्रसंगी राज्य शासन किंवा पोलीस जास्तीत जास्त ९६ तासांसाठी एखादी जागा तात्पुरती लाल ठरवू शकतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर भरणाऱ्या गोटमारीसारख्या गर्दीच्या वेळी हा नियम आठवावा. काल हिरवी असलेली जागा आज हिरवीच असेल असे नाही; म्हणून प्रत्येक उड्डाणापूर्वी नकाशा पाहणे हेच शहाणपणाचे.

२५० ग्रॅमपर्यंतचे ड्रोन, तसेच दोन किलोपर्यंतचे पण व्यवसायासाठी नसलेले ड्रोन सोडले, तर चालकास प्रमाणपत्र आवश्यक आहे. त्यासाठी वय १८ ते ६५, दहावी उत्तीर्ण आणि मान्यताप्राप्त संस्थेतील प्रशिक्षण लागते. फवारणीसाठी कृषी मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्ये स्वतंत्र कार्यपद्धती घालून दिली आहे. २०२० साली जो अपवाद होता, तो अशा रीतीने नियमात आला. तरुण सभासदांनी ड्रोन भाड्याने घेताना यंत्राची नोंदणी, विमा व चालकाचे प्रमाणपत्र ही तीन कागदपत्रे डोळ्यांनी पाहावीत; केवळ तोंडच्या शब्दावर विसंबू नये.

शेवटी एक प्रश्न उरतो, आणि जैन समाजास तो टाळता येणार नाही. टोळांवर विष टाकणे ही हिंसाच होय. शासनाच्या अनुज्ञेने ती अहिंसा होत नाही. श्रावकास संकल्पी हिंसेचा त्याग सांगितला आहे. आरंभी, उद्योगी व विरोधी हिंसा गृहस्थाकडून संपूर्ण सुटत नाही, परंतु ती शक्य तितकी कमी करावी असा उपदेश आहे. दिग्व्रतात दिशेची मर्यादा, देशव्रतात काही काळापुरती जागेची मर्यादा, आणि अनर्थदंडव्रतात निष्कारण हिंसेचा त्याग आहे. शासनाने सुटीस घातलेल्या मर्यादा आणि आपल्या व्रतांच्या मर्यादा यांत केवढे साम्य आहे, हे सुज्ञ वाचकांनी पाहावे. भेद इतकाच की शासनाची मर्यादा बाहेरून येते व व्रताची आतून. ज्या झाडांवर टोळ बसला आहे तेथेच, हवे तेवढेच, विहिरी व मधमाश्यांचा सांभाळ करून फवारले, तर पिकाचे रक्षणही होते आणि अनर्थदंडही टळतो.

पुन्हा अशी आपत्ती आली, तर आपल्या मंडळाने वाट पाहत बसू नये. थवा दिसल्याची जागा, वेळ व दिशा लिहून ताबडतोब कृषी खात्यास व जिल्हाधिकाऱ्यांस कळवावी. आपण होऊन, बिनपरवाना, रात्री यंत्र उडवून कोणीही पराक्रम करू नये. अनुज्ञा मागणाऱ्याने कारण, जागा, काळ आणि जबाबदार माणूस या चार गोष्टी स्पष्ट लिहिल्या, तर अर्ध्याहून अधिक काम झाले असे समजावे. पेढीवर ज्याचा कागद स्वच्छ, त्याचाच व्यवहार टिकतो. आकाशातील व्यवहारासही हाच न्याय आहे.