जुन्या स्पोर्ट्स मोटारींतील वळणदर्शक खटका : दुरुस्ती आणि निगा

मोटार वळविण्यापूर्वी चालकाने आपला हेतू मागील-पुढील वाहनांना कळवावा, हा रस्त्यावरील सुरक्षिततेचा पहिला नियम होय. प्रारंभी हे काम हाताच्या खुणेने होत असे. पुढे मोटारीच्या बाजूच्या खोबणीतून बाहेर येणारे लहान बाहू प्रचारात आले. १९३९ साली अमेरिकेतील ब्यूइक मोटारींवर उघडझाप करणारे दिवे बसविण्यात आले आणि कालांतराने सर्वत्र तीच पद्धत रूढ झाली. या दिव्यांचे नियमन करणारा खटका मुठीत मावेल एवढा लहान असतो. परंतु तो बिघडला तर मोटार मुकी होते, आणि क्वचित खोटेही बोलते. मुक्या मोटारीपेक्षा खोटे बोलणारी मोटार अधिक घातक होय.

चेन्नईच्या उत्तरेस, कोलकात्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर गुम्मिडिपूंडी हे औद्योगिक गाव आहे. चेन्नईहून तेथे जाताना वाटेत शोलवरम लागते. तेथील दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील धावपट्टीवर मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबाने अनेक वर्षे मोटारींच्या शर्यती भरविल्या. १९९० मध्ये इरुंगाट्टुकोट्टै येथे स्वतंत्र शर्यतमार्ग तयार झाला. याच मद्रासेत स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स या कारखान्यात १९६१ पासून स्टँडर्ड हेरल्ड ही मोटार तयार होऊ लागली. ती ब्रिटनमधील ट्रायम्फ हेरल्डची भारतीय आवृत्ती होय. आणि ट्रायम्फ स्पिटफायर ही १९६२ सालची स्पोर्ट्स मोटार हेरल्डच्याच सांगाड्यावरून बेतलेली होती. मोटारींच्या विद्युत् उपकरणांचा ल्यूकस-टीव्हीएस हा कारखानाही १९६१ साली मद्रासजवळ पाडी येथे स्थापन झाला. त्यामुळे या खटक्याचा अभ्यास करण्यास हा परिसर सर्वथा योग्य आहे.

१. खटक्याची रचना व कार्य

विद्युत्घटातून निघालेला प्रवाह वितळतारेतून फ्लॅशरकडे, तेथून खटक्याकडे आणि खटक्यातून डाव्या किंवा उजव्या बाजूच्या दोन दिव्यांकडे जातो. दिव्यांतून तो मोटारीच्या सांगाड्यात उतरतो व सांगाड्यातूनच विद्युत्घटाकडे परततो. उघडझाप करण्याचे काम फ्लॅशरचे. बाजू निवडण्याचे काम खटक्याचे. भारतीय नियमांप्रमाणे ही उघडझाप मिनिटास ६० ते १२० वेळा व्हावी लागते.

खटक्यात बेकेलाइटसारख्या विसंवाहक तबकडीवर पितळी स्पर्शबिंदू बसविलेले असतात. दांडा हलविला की एक स्प्रिंगयुक्त पट्टी मधल्या बिंदूस बाजूच्या बिंदूशी जोडते. एक लहान गोळी खाचेत बसून दांडा त्या जागी धरून ठेवते. वळण संपल्यावर दांडा आपोआप मधोमध यावा, यासाठी स्टिअरिंगच्या दांड्यावर एक उंचवटा असतो. चाक वळणाच्या दिशेने फिरताना तो खटक्यातील जिभेवरून नुसता घसरून जातो. चाक उलट फिरू लागताच मात्र तो जिभेला ढकलतो आणि खटका मिटतो. ही जीभ झिजली म्हणजे वळण संपले तरी दिवा लुकलुकत राहतो. मागील लॉरीचा चालक मोटार वळेल म्हणून वाट पाहतो किंवा भलत्या बाजूने पुढे जाऊ पाहतो. मोटार खोटे बोलते ती अशी.

२. खटका का बिघडतो?

तांब्यापितळेच्या भांड्यांवर चढणारा हिरवट कळंक आपल्या परिचयाचा आहे. गुम्मिडिपूंडीच्या पूर्वेस बंगालचा उपसागर आणि उत्तरेस पुलिकतचे खारे सरोवर आहे. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी पाऊस पडतो. खाऱ्या दमट हवेतील मिठाचे कण स्पर्शबिंदूंवर बसतात, ओलावा धरून ठेवतात आणि तांब्याशी संयोग होऊन हिरवे क्षार तयार होतात. रत्नागिरी-अलिबागच्या किनाऱ्यावरही हेच घडते. हे क्षार विजेचे वाहक नसल्याने स्पर्शबिंदूंतील रोध वाढतो.

त्याचा परिणाम गणिताने पाहू. १२ व्होल्टच्या मोटारीत २१ वॅटचे दोन दिवे एकदम लागले तर प्रवाह सुमारे ३.५ अँपिअर असतो. म्हणजे दोन्ही दिव्यांचा मिळून रोध सुमारे ३.४ ओहम. खटक्यात केवळ १ ओहम रोध वाढला, तर प्रवाह सुमारे २.७ अँपिअर होतो आणि दिव्यांना १२ ऐवजी ९.३ व्होल्टच मिळतात. तंतूचा उजेड व्होल्टपेक्षा फार वेगाने घटत असल्यामुळे तो निम्म्याहूनही कमी होतो. शिवाय दिवा लागलेला असताना सुमारे ७ वॅट उष्णता त्या इवल्याशा स्पर्शबिंदूवर निर्माण होते. तिने स्प्रिंगचा ताण जातो, दाब कमी होतो, रोध आणखी वाढतो आणि शेवटी तबकडी करपते. एका दोषातून दुसरा दोष जन्मतो तो असा.

३. दोष कोठे आहे, हे आधी ठरवावे

खटका उघडण्याची घाई करू नये. प्रथम दिवे व वितळतार तपासावी. नंतर दिव्याच्या खोबणीचा सांगाड्याशी असलेला जोड पाहावा. तो गंजला असेल तर प्रवाह दुसऱ्या दिव्याच्या तंतूतून वाट काढतो व भलताच दिवा मिणमिणतो. दोष मात्र खटक्याच्या माथी मारला जातो.

यानंतर फ्लॅशरच्या आत जाणारी व बाहेर येणारी तार क्षणभर एकमेकींस जोडावी आणि खटका फिरवावा. दिवे स्थिर व प्रखर लागले तर खटका निर्दोष असून फ्लॅशर बिघडला आहे. दिवे मंद लागले तर खटक्याच्या दोन टोकांना व्होल्टमापक लावावा. ०.२ व्होल्टहून अधिक फरक दिसल्यास खटका उघडणे आवश्यक आहे.

४. दुरुस्तीचा क्रम

(अ) विद्युत्घटाची सांगाड्याकडील तार सोडवावी. अनेक जुन्या ब्रिटिश मोटारींत धन ध्रुव सांगाड्यास जोडलेला असतो, हे ध्यानात ठेवावे.

(आ) तारांच्या जागांचे रेखाचित्र काढावे. या मोटारींत बहुधा हिरवी-लाल तार डाव्या व हिरवी-पांढरी तार उजव्या दिव्यांकडे जाते.

(इ) खटका पांढऱ्या कापडावर उघडावा. गोळी व स्प्रिंग उडून हरवण्याचा संभव असतो.

(ई) जुने वंगण स्पिरिटने पुसावे. चिंचेने तांब्याची भांडी उजळतात, कारण तिच्यातील आम्लात हे क्षार विरघळतात. येथे सायट्रिक आम्लाचे सौम्य द्रावण वापरावे व लगेच स्वच्छ पाण्याने धुऊन भाग पूर्ण सुकवावेत. आम्ल मागे राहिले तर तेच नवा कळंक निर्माण करील. एमरी कागद वापरू नये. त्याने बिंदूंवरील मुलामा जातो व खरखरीत पृष्ठभागावर मळ लवकर साचतो.

(उ) सैल पट्टी किंचित वाकवून तिचा दाब पूर्ववत करावा. तारांना डाग देताना राळयुक्त कथील वापरावे, आम्लयुक्त नव्हे. झिजलेली जीभ त्याच मापाने नवीन घडवून बसवावी.

(ऊ) गोळीस व जिभेस किंचित वंगण, बिंदूंवर पेट्रोलियम जेलीचा अतिशय पातळ थर द्यावा.

५. निगा

खाऱ्या हवेत उभ्या असणाऱ्या मोटारीचा खटका महिन्यातून एकदा तरी दोन्ही बाजूंस दहा-वीस वेळा फिरवावा. घर्षणाने बिंदू स्वच्छ राहतात. ठरलेल्यापेक्षा अधिक वॅटचे दिवे लावू नयेत. एलईडी दिवे अत्यल्प प्रवाह घेत असल्याने जुना उष्णतेवर चालणारा फ्लॅशर त्यांच्यासह नीट चालत नाही.

जुलै २०२१ मध्ये केंद्र शासनाने पन्नास वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूप टिकवून ठेवलेल्या मोटारींसाठी स्वतंत्र नोंदणीचे नियम केले. जुना खटका फेकून नवा लावणे सोपे असते. परंतु ज्या हातांनी तो घडविला त्यांचे कौशल्य त्याबरोबर नाहीसे होते. दुरुस्त केलेला मूळ खटका मोटारीचे स्वरूप राखतो आणि रस्त्यावर तिला खरे बोलावयास लावतो.

विचारासाठी प्रश्न

१. खटक्यातील रोध १ ऐवजी २ ओहम झाला, तर दिव्यांना किती व्होल्ट मिळतील? तंतूचा रोध बदलत नाही असे धरा.

२. एक कळंकलेली व एक घासलेली तांब्याची पट्टी घ्या. कोरडा विद्युत्घट व लहान दिवा यांच्या मंडलात त्या पाळीपाळीने जोडा आणि उजेडातील फरक नोंदवा.

३. पितळेच्या भांड्यांना कल्हई करतात, पण खटक्याच्या बिंदूंना जेली लावतात. दोहोंमागील तत्त्व समान आहे काय?