मांडी घालता येईल असा पाय

मंडळी, वाचता वाचता एक करून बघा. खुर्चीवरून उठा, बूट काढा आणि टाचा जमिनीला टेकवून उकिडवे बसा. (परदेशात बरीच वर्षं काढली असतील तर जवळ भिंतीचा आधार असू द्या.) बसताना घोट्याकडे लक्ष ठेवा. नडगी पुढे झुकते आणि घोटा ३० अंशांहूनही जास्त वाकतो. सपाट फुटपाथवर चालताना हेच वाकणं जेमतेम १० अंशांच्या आसपास असतं. आता मांडी घाला. पाऊल आतल्या बाजूला वळतं आणि त्याची बाहेरची कड जमिनीवर टेकते. शेताच्या बांधावरून चालताना तेच पाऊल कधी डावीकडे, कधी उजवीकडे कलतं.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे कृत्रिम पाय. १९५०च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले इथल्या संशोधकांनी 'सॅच' नावाचं कृत्रिम पाऊल विकसित केलं. सॅच म्हणजे 'सॉलिड अँकल कुशन हील'. त्याला घोट्याचा सांधाच नसतो. आत लाकडाचा कडक गाभा आणि टाचेत मऊ पाचर. टाच टेकली की पाचर दबते आणि घोटा वाकल्याचा भास होतो. हलणारे भाग नसल्यामुळे ते स्वस्त, टिकाऊ आणि अभियांत्रिकीच्या दृष्टीने फार हुशार होतं. मला आजही ते आवडतं. पण त्यात एक न बोललेलं गृहीतक होतं : वापरणारा माणूस बूट घालतो, खुर्चीत बसतो आणि कमोड वापरतो.

जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयातले अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी यांच्यापुढे १९६०च्या दशकात वेगळेच रुग्ण होते. पाय बसवून घेतलेली माणसं काही दिवसांनी पुन्हा कुबड्यांवर दिसत. पाय मोडला नव्हता, तो घरात कोपऱ्यात उभा करून ठेवलेला होता. कारणं साधी होती. त्या पावलाला बूट हवा, आणि बूट देवळात चालत नाही, स्वयंपाकघरात चालत नाही, भाताच्या चिखलात तर नाहीच. जेवायला मांडी घालता येत नाही आणि शौचाला उकिडवं बसता येत नाही. दिवसातल्या ज्या कामांसाठी पाय हवा, नेमकी तीच कामं त्या पायाने होत नव्हती.

इथे रामचंद्र शर्मा येतात. सगळे त्यांना 'मास्टरजी' म्हणत. शिक्षण बेताचं, हात मात्र पिढीजात कारागिराचा. या दोघांनी रुग्णांच्या तक्रारींकडे तपशील म्हणून पाहिलं, कुरकुर म्हणून नाही. 'मला मांडी घालता येत नाही' याचं अभियांत्रिकीतलं भाषांतर असं : चवडा टाचेच्या तुलनेत आत वळला पाहिजे. 'उकिडवं बसता येत नाही' म्हणजे पाऊल नडगीकडे भरपूर वाकलं पाहिजे. 'बांधावर तोल जातो' म्हणजे पाऊल दोन्ही बाजूंना कललं पाहिजे. 'अनवाणी चालायचंय' म्हणजे तळवाच बुटाच्या तळासारखा झिजेला टिकला पाहिजे, आणि पाऊल उघडं दिसणार म्हणून त्याला बोटं आणि त्वचेचा रंग हवा.

एवढ्या अटी एकाच पदार्थात बसत नाहीत. साच्यात ओतलेलं भरीव रबराचं पाऊल जड आणि ताठ झालं. शेवटी १९६८च्या सुमारास जे आकाराला आलं त्यात तीन वेगळे ठोकळे होते : चवडा आणि टाच स्पंज रबराची, घोट्याचा भाग लाकडाचा. त्यांच्यावर रबराचे थर आणि टायरमधले धागे गुंडाळायचे, तळाला टायरचं कडक रबर लावायचं आणि सगळं साच्यात तापवून व्हल्कनाइझ करायचं, म्हणजे टायर रिमोल्ड करणाऱ्याच्या दुकानात चालतं तेच काम. सॅचमधला कडक गाभा इथे चवड्यापर्यंत जातच नाही. त्यामुळे ठोकळ्यांच्या मधल्या जागेत पाऊल हवं तसं वाकतं आणि वळतं.

फुकट काहीच मिळत नाही. हे पाऊल सॅचपेक्षा जड असतं, आणि हाताने बनत असल्यामुळे प्रत्येक नग थोडा वेगळा. तरीही ते वापरलं गेलं. नृत्यांगना सुधा चंद्रन याच पायावर पुन्हा रंगमंचावर आल्या, हे तुमच्यापैकी अनेकांना 'नाचे मयूरी'मुळे माहीत असेल.

पुढे स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांनी जयपूरच्या संस्थेबरोबर प्लास्टिकचा स्वस्त गुडघा बनवला. २००९ साली 'टाइम'ने त्याची दखल घेतली. वापरणाऱ्यांची एक तक्रार होती की चालताना गुडघा टकटक वाजतो. यांत्रिक दृष्टीने तो दोष किरकोळ. पण प्रत्येक पावलागणिक लोक वळून बघतात, हे ज्याला सोसावं लागतं त्याच्यासाठी तो किरकोळ नव्हता. नंतरच्या आवृत्तीत आवाज शोषणारा रबरी तुकडा आला.

आता थोडी अडचणीची बाजू. जयपूर पद्धतीत पावलाच्या वरची नळी पुढे एचडीपीई प्लास्टिकची झाली : झटपट आणि स्वस्त. २००४च्या सुमारास होंडुरास, युगांडा आणि भारतातल्या वापरकर्त्यांना पुन्हा गाठून तपासण्या झाल्या, तेव्हा गुडघ्याच्या वरून पाय गेलेल्यांमध्ये नळी नीट न बसण्याच्या तक्रारी बऱ्याच निघाल्या. ज्या दिवशी पाय मिळतो त्या दिवशी प्रत्येक जण खूश असतो, त्या दिवसाच्या फोटोंवरून काहीच कळत नाही. आणि ज्याला पाय नकोसा होतो तो तक्रार करायला दोनशे मैल प्रवास करून येत नाही. जे परत येतात त्यांच्याच प्रतिक्रिया मोजल्या तर आकडे छान दिसणारच.

तुमच्यापैकी बरेच जण ॲप, उपकरणं, औषधं बनवण्याच्या कामात आहात. 'उत्पादन आवडलं का?' या प्रश्नाला भिडस्त माणूस 'हो'च म्हणतो, आपल्याकडे तर नक्कीच. त्याऐवजी विचारून बघा : काल दिवसभरात तुम्ही ते कितीदा काढून ठेवलंत, आणि तेव्हा नेमकं काय करत होतात?